हृदयरोग हा कष्टकऱ्यांचा प्रश्न आहे

हृदयविकार, मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही सुखवस्तू माणसांची दुखणी आहेत, अशी समजूत आपल्या चळवळीत दीर्घ काळ रूढ होती. पेढीवर लोडाला टेकून बसणारा अडत्या, तुपाची धार धरून जेवणारा सावकार यांचे हे रोग. बाजार समितीत पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला किंवा रावेर-यावलच्या केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या मजुराला ते कसे जडणार, असे आपण गृहीत धरून चाललो. क्षय, हगवण, कुपोषण आणि बाळंतपणातील मृत्यू हे गरिबांचे प्रश्न मानून आपण आरोग्यविषयक मागण्या आखल्या. त्या मागण्या योग्यच होत्या आणि त्यांची निकड अजूनही संपलेली नाही. परंतु त्यांच्या जोडीला दुसरे एक संकट कष्टकऱ्यांच्या घरात येऊन बसले आहे आणि त्याची दखल राजकीय प्रश्न म्हणून आपण अद्याप घेतलेली नाही.

आकडे बोलके आहेत. १९९० साली भारतातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे १५ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होत होते. २०१६ साली हे प्रमाण २८ टक्क्यांवर गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. एकट्या मधुमेहाच्या रुग्णांची संख्या दहा कोटींच्या वर जाते. याच पाहणीचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष आपण अधिक बारकाईने वाचला पाहिजे. तुलनेने संपन्न राज्यांच्या शहरी भागांत मधुमेहाचे प्रमाण वरच्या आर्थिक थरापेक्षा खालच्या थरात अधिक आढळले. म्हणजे रोगाने घर बदलले आहे. तो बंगल्यातून चाळीत आणि चाळीतून झोपडपट्टीत उतरला आहे.

हा रोग एका कारणाने होत नाही, हे प्रथम समजून घ्यावे लागेल. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, रक्तातील चरबी, पोटावरचा मेद, भाजीपाल्याचा अभाव, मनावरचा ताण ही सारी कारणे एकाच देहात एकत्र येतात आणि एकमेकांचे बळ वाढवितात. ५२ देशांत केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाने याचे गणित मांडले. केवळ उच्च रक्तदाब असेल तर हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सुमारे १.९ पट होते, केवळ मधुमेह असेल तर २.४ पट, केवळ धूम्रपान असेल तर २.९ पट. तिन्ही एकत्र आले तर काय होईल? वाढीव धोक्यांची साधी बेरीज केली तर पाचपट असे उत्तर येते. प्रत्यक्षात तो सुमारे १३ पट आढळला. १.९, २.४ आणि २.९ यांचा गुणाकार करून पाहा. उत्तर तेराच्या जवळच येते. धोक्याची येथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा गुणाकार अपरिचित नाही. शेतमजुराच्या दारिद्र्याचे असेच असते. कर्ज, अपुरी मजुरी, बेकारीचे महिने आणि घरातले आजारपण यांपैकी एकेक संकट तो कसेबसे पेलतो. चारही एकदम आली की तो कायमचा मोडतो. पण याच गणिताला दुसरी, आशेची बाजूही आहे. तीन कारणांपैकी एक जरी काढून घेतले तरी तेरा खाली येऊन पाच ते सातवर ठेपतो. म्हणजे सर्व काही बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

आता हे गणित खानदेशच्या भूमीवर मांडून पाहू. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये रात्रपाळी करणारा पन्नाशीचा कामगार डोळ्यांसमोर आणावा. झोप मोडण्यासाठी तळहातावर मळलेली तंबाखू दाढेखाली, पाळी संपेपर्यंत गोड चहाचे पाच-सहा पेले, जेवण म्हणून गाडीवरचे पुन्हापुन्हा तापविलेल्या तेलातले तळण, हंगाम संपताच बेकारी, मुलीच्या लग्नाचे कर्ज. त्याचा रक्तदाब आयुष्यात कधी मोजलेला नाही, कारण रक्तदाब दुखत नाही आणि जे दुखत नाही त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडविणे त्याला परवडत नाही. अंगाने तो किडकिडीत आहे, म्हणून त्याला मधुमेह असेल अशी शंका कोणाला येत नाही. एके दिवशी छातीत कळ येते. ती ‘गॅस’ची समजून सोडा पिण्यात पहिला मोलाचा तास निघून जातो. असे मृत्यू आपण सर्वांनी पाहिले आहेत, त्यांच्या अंत्ययात्रेला गेलो आहोत आणि ‘नशीब’ म्हणून परतलो आहोत.

यात नशिबाचा भाग किती आणि व्यवस्थेचा किती, हा प्रश्न समाजवाद्यांनी तरी विचारला पाहिजे.

आईच्या उदरापासूनच सुरुवात करू. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. या खेड्यांतील नवजात अर्भकांचे वजन इंग्लंडमधील अर्भकांहून सुमारे पाऊण किलोने कमी होते. परंतु उणीव सर्वत्र सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, पण घडणीने मेदयुक्त, अशी ही देहरचना पुढे मधुमेहाला अनुकूल ठरते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे दुष्काळ पडला. त्या काळात गर्भात असलेल्या मुलांची पन्नाशीत तपासणी केली तेव्हा साखर पचविण्याची त्यांच्या शरीराची शक्ती इतरांहून क्षीण आढळली. आईच्या उपासमारीची वसुली मुलाच्या पन्नाशीत होते.

आता १९७२ आठवावा. त्या दुष्काळात महाराष्ट्रभर लाखो स्त्रिया खडी फोडीत होत्या. खानदेशच्या कोरडवाहू तालुक्यांतल्या बायाही त्यांत होत्या. सुकडी आणि परदेशी मिलोवर दिवस काढीत त्यांतल्या कित्येकींनी गरोदरपणाचे महिने रस्त्यांच्या आणि तलावांच्या कामांवर घालविले. त्यांच्या पोटी जन्मलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. ‘इंटरहार्ट’च्याच आकडेवारीनुसार दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका येण्याचे मध्यम वय ५३ आहे, इतर प्रदेशांत ते ५९. त्या कामांनी लोकांना जगविले आणि त्यांतून उभी राहिलेली रोजगार हमी ही चळवळीची मोठी कमाई आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु गरोदर स्त्रीला पुरेसे अन्न आणि हलके काम देणे ही केवळ करुणेची बाब नसून पुढच्या पन्नास वर्षांच्या आरोग्याची तरतूद आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. आज ठाऊक असूनही आपण ते करीत नसू, तर तो गुन्हा ठरेल.

दुसरी गोष्ट ताटाची. ज्वारी-बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, भरताची वांगी, डाळ आणि शेंगदाण्याचा ठेचा हा खानदेशी कष्टकऱ्याचा आहार साधा असला तरी समतोल होता. त्याला रोमँटिक रंग देण्याचे कारण नाही. अनेक घरांत तोही पोटभर मिळत नव्हता. पण धान्याच्या बाबतीत घडलेला बदल माणसांच्या जिभेने घडविलेला नाही. रेशनच्या दुकानातून प्रामुख्याने गहू आणि तांदूळ मिळतो, ज्वारीखालचे क्षेत्र गेल्या काही दशकांत घटत गेले आणि ज्या मजुराने पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी खाल्ली त्यालाच ती परवडेनाशी झाली. भारताच्या पुढाकाराने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. त्याच्या मेजवान्या दिल्लीत झडल्या. पण आपल्याकडच्या रेशनच्या मापात गहू-तांदळाचेच वर्चस्व राहिले.

तेलाची गोष्ट तर खानदेशला अधिक जवळची आहे. आज विप्रो म्हणून जगाला माहीत असलेल्या कंपनीचा जन्म १९४५ साली अमळनेरला झाला, तो वनस्पती तूप तयार करण्यासाठी. साजूक तूप न परवडणाऱ्या देशाला वनस्पती हे स्वस्त वरदान वाटले, आणि त्या काळच्या ज्ञानानुसार तसे वाटण्यात काही वावगे नव्हते. तेल गोठविण्याच्या त्या प्रक्रियेत तयार होणारी ‘ट्रान्स’ चरबी रक्तातले अपायकारक कोलेस्टेरॉल वाढविते आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटविते, हे १९९० नंतर स्पष्ट होत गेले. भारत सरकारने तिची कमाल मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणून जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. यातून घ्यावयाचा धडा महत्त्वाचा आहे. डब्यातल्या तुपात ही चरबी किती आहे, हे कोणत्याही गृहिणीला डोळ्यांनी दिसणे शक्य नव्हते. तेथे व्यक्तीचा संयम उपयोगी पडला नसता. कायदाच उपयोगी पडला.

तिसरी गोष्ट काम, तंबाखू आणि ताण यांची. तंबाखूविषयीच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्केच होते. परंतु तंबाखू चघळणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. ‘धूर नाही म्हणजे धोका नाही’ हा आपल्याकडचा आवडता भ्रम आहे. ‘इंटरहार्ट’च्या आकडेवारीत बिडी ओढणाऱ्याचा धोका २.९ पट आढळला आणि केवळ तंबाखू चघळणाऱ्याचा २.२ पट, दोन्ही करणाऱ्याचा चौपटीहून अधिक. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे कोणत्याही बसस्थानकाच्या भिंतींवर वाचता येते.

आणि ताण ही काही केवळ साहेबलोकांची मिरास नव्हे. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील नोकरांचा जो प्रसिद्ध अभ्यास १९६७ पासून झाला, त्यात सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई वर्गाचे हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या तुलनेने तिपटीहून अधिक निघाले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे हिशेबात धरूनही हे अंतर पुरते मिटले नाही. हुकूम सोसणाऱ्याचे हृदय हुकूम देणाऱ्यापेक्षा लवकर थकते. अमळनेर आणि धुळ्याच्या कापडगिरण्यांचे भोंगे बंद झाले, त्याबरोबर कायम नोकरी, ठरलेली पाळी आणि संघटनेचा आधारही गेला. त्या जागी आलेल्या कंत्राटी, हंगामी कामाची किंमत कामगार मजुरीत तर मोजतोच, पण रक्तदाबातही मोजतो.

तरीसुद्धा सर्वांत अस्वस्थ करणारा पुरावा अजून पुढेच आहे. १७ देशांतील दीड लाखांवर लोकांचा मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. श्रीमंत देशांतील लोकांत धोक्याची कारणे सर्वाधिक होती. गरीब देशांत, ज्यांत भारतही होता, ती सर्वांत कमी. पण हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण नेमके उलटे निघाले. गरीब देशांत सर्वाधिक, श्रीमंत देशांत सर्वांत कमी. याचा अर्थ असा की, गरीब माणूस अधिक चैन करतो म्हणून मरत नाही. त्याचा रोग वेळेवर ओळखला जात नाही, ओळखला तर औषध सलग मिळत नाही आणि झटका आला तर योग्य जागी वेळेत पोचता येत नाही, म्हणून तो मरतो.

येथे शासनाच्या खर्चाची दिशा तपासली पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी आणि हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत होतात. ज्याच्यावर वेळ आली त्याला तिचे मोल कळते. तिला विरोध करण्याचा प्रश्नच नाही. पण ही योजना इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. वीस वर्षे रोज घ्यावी लागणारी रक्तदाबाची गोळी तिच्यात बसत नाही. म्हणजे झटका येऊ नये यासाठी लागणारी, अत्यंत स्वस्त अशी गोळी मिळविण्यासाठी माणसाने स्वतः धडपडावे आणि झटका आल्यावर शासनाने इस्पितळाला पैसे मोजावेत. धरणाच्या भिंतीला तडा गेला असता तो बुजवायचा नाही आणि पुरात वाहून गेलेल्यांना मात्र भरपाई द्यायची, असे हे अर्थशास्त्र आहे. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८० च्या दशकाच्या अखेरीस आले. जळगावला त्यासाठी २०१८ उजाडावे लागले. पण सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल किंवा शिरपूर तालुक्याच्या टोकाला राहणाऱ्या पावरा-भिल्ल माणसाला महाविद्यालयाच्या इमारतीपेक्षा जवळच्या उपकेंद्रात गोळी आहे की नाही, हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे.

हे सारे बदलता येते का? येते. फिनलंडमधील नॉर्थ करेलिया हा लाकूडतोडे आणि छोटे दुग्धव्यावसायिक यांचा सीमेवरचा गरीब प्रांत. तेथील पुरुष हृदयविकाराने ऐन उमेदीत मरत. १९७१ साली तेथील लोकप्रतिनिधींनी सरकारकडे निवेदन नेले आणि १९७२ साली, म्हणजे आपल्याकडे खडी फोडली जात होती त्याच वर्षी, डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. गावोगावच्या स्त्रियांच्या संघटनांनी स्वयंपाकाची पद्धत बदलण्यास हात दिला, परिचारिकांनी रक्तदाब मोजला, लोणी आणि मीठ कमी झाले, तंबाखूला आळा बसला, दुग्धव्यावसायिकांना फळशेतीचा पर्याय मिळाला. पुढच्या सुमारे चार दशकांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. हे यश केवळ मोठ्या इस्पितळांचे नव्हते. संघटित लोकांचे होते. खानदेश म्हणजे फिनलंड नव्हे, हे खरे. परंतु संघटित लोकांची परंपरा आपल्याकडे नाही, असे १९३६ चे फैजपूर पाहिलेल्या जिल्ह्याने म्हणू नये. खेड्यात भरलेल्या त्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनाने संमत केलेल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतमजुराच्या निर्वाहवेतनाचा उल्लेख होता. निर्वाह म्हणजे केवळ आज संध्याकाळचे जेवण नव्हे. साठीपर्यंत जगण्याची खात्रीही त्यात येते.

या प्रश्नाकडे पाहण्याचे दोन सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही आपण नाकारले पाहिजेत. एक म्हणतो, हा ज्याच्या त्याच्या शिस्तीचा प्रश्न आहे. सकाळी फिरा, कमी खा, आनंदी राहा. बारा तास पोती वाहिलेल्या माणसाला हा उपदेश करणे हा निर्दयपणा आहे. दुसरा मार्ग आपल्याच गोटातला आहे. तो म्हणतो, व्यवस्था बदलली की सारे सुटेल. तोवर तंबाखूची पुडी आणि सभेनंतरची तेलकट भजी यांवर बोलणे हा मध्यमवर्गीय सोवळेपणा आहे. हीही पळवाटच आहे. गुणाकारातला जो आकडा आज आपल्या हातात आहे तो आज काढलाच पाहिजे. साने गुरुजींच्या आणि सेवा दलाच्या परंपरेत समाज बदलण्याची भाषा आणि स्वतःचे वर्तन यांची फारकत कधी मान्य नव्हती.

म्हणून जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील पक्षशाखांपुढे आम्ही काही निश्चित कामे ठेवू इच्छितो. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा मोजली गेलीच पाहिजे आणि ज्याला औषध लागेल त्याला ते गावातल्याच उपकेंद्रात महिनाभराचे एकदम मिळाले पाहिजे. ही मागणी घेऊन प्रत्येक शाखेने आपल्या भागातील उपकेंद्राच्या औषधसाठ्याची दरमहा चौकशी करावी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हृदयाचा आलेख काढण्याची सोय आणि रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन चोवीस तास असावे. रेशनवर ज्वारी, बाजरी आणि डाळ नियमित मिळावी व त्यासाठी स्थानिक शेतकऱ्याची ज्वारी हमी भावाने खरेदी व्हावी. यात शेतकरी आणि मजूर यांचे हित एकत्र येते. रोजगार हमीच्या कामावरील गरोदर स्त्रीला हलके काम, पूर्ण मजुरी आणि एक सकस जेवण मिळावे. माथाडी मंडळे, जिनिंग आणि डाळ मिलमधील कामगारांची तपासणी कामाच्या जागी व कामाच्या वेळेत, मजुरी न कापता व्हावी.

आणि एक काम स्वतःसाठी. कार्यकर्त्याचे जीवन हे धोक्याच्या कारणांचे भांडारच असते: जागरण, वेळीअवेळी जेवण, चहावर चहा, तंबाखूची देवाणघेवाण आणि स्वतःच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष करणे म्हणजेच त्याग, ही समजूत. चळवळीने आपली कितीतरी मोलाची माणसे ऐन पन्नाशीत अशीच गमावली आणि शोकसभेत त्यांच्या त्यागाचा गौरव केला. त्या गौरवापेक्षा त्यांची आणखी वीस वर्षे आपल्याला हवी होती. पुढच्या शिबिरापासून पक्षाच्या कार्यालयात तंबाखू बंद व्हावी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र टेबलावर असावे आणि पहिला हात शाखेच्या अध्यक्षाने पुढे करावा. त्यानंतरच आपण हमालवाड्यात आणि सातपुड्याच्या पाड्यावर जाऊन इतरांना हात पुढे करायला सांगू शकू.